कावळा कुणालाही शिवो

आमच्या घरात दोन गोष्टींना कुणी हात लावायचा नाही असा दंडक आहे. एक आप्पांची तपकिरीची डबी आणि दुसरी आप्पांची कलमं. आप्पा म्हणजे माझे सासरे. दापोलीहून एसटीने थोडं पुढे आलं की उतारावर आमचं घर लागतं. घरामागे विहीर, विहिरीला लागून नारळाच्या झापांनी शाकारलेला मांडव आणि मांडवाखाली पिशव्यांत ओळीने उभी असलेली काजूची कलमं. आप्पा दिवसभर त्या मांडवात असतात. जेवायला घरात येतात तेसुद्धा आमच्यावर उपकार म्हणून.

त्यातून कावळा शिवलेल्या बाईने तर मांडवाकडे फिरकायचंच नाही. कलमं जळतात म्हणे. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. शरीराचा तो धडाही मीच शिकवते, आणि मी तो शिकवत असते तेव्हा मुख्याध्यापक व्हरांड्यात फेऱ्या मारत मोठमोठ्याने खोकतात. कलमं पाण्यावाचून जळतात, बाईमुळे जळत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी लग्न होऊन आल्यापासून या बाबतीत मी आप्पांशी एकदाही भांडले नव्हते. कारण त्या तीन दिवसांत मला मागच्या पडवीत पाय लांब करून वाचत पडायला मिळे आणि आमचे हे, म्हणजे हरिश्चंद्र, पिठलं-भात रांधत. पिठलं कधी खळ तर कधी वडी, पण आयतं. अशा नियमाविरुद्ध कोण कशाला बोंब मारील?

मग सन दोन हजार एकमध्ये आमच्याकडे नीमा राहायला आली.

नीमा टांझानियाची. तिथेही काजू फार पिकतो, पण जुनी झाडं थकली म्हणून सरकारने तिला शिष्यवृत्ती देऊन कलमं शिकायला इकडे पाठवलं होतं. शिकत होती दापोलीत विद्यापीठात. पण तिच्या अभ्यासाला ज्या झाडाची काडी हवी होती ते झाड आमच्या विहिरीपाशी. आप्पांचा काजू. त्या झाडाची काडी आप्पांनी आजवर सख्ख्या भावाला दिली नव्हती. नीमाने पहिल्याच दिवशी चाकूने एक खुंट, म्हणजे कलमाचं खालचं रोप, कापून दाखवला, आप्पांनी चष्मा कपाळावर चढवून तो काप पाहिला आणि म्हणाले, "हात बरा आहे." आमच्या घरात एवढी स्तुती कुणाची झालेली नाही. माझ्या हातच्या पुरणपोळीला ते अजून "खपली" असं म्हणतात.

नावही नीमा, म्हणजे आपल्यातलंच. चपातीला तिकडेही चपातीच म्हणतात, चहाला चाय. बाकीचं मराठी ती आप्पांकडून शिकली, आणि आप्पांच्या मराठीत सगळ्यात जास्त वेळा येणारं क्रियापद म्हणजे शिवणं. "त्या काडीला शिवू नको." "ओल्या हाताने पिशवीला शिवू नको." "डबीला शिवलीस तर बघ." शिवणं म्हणजे हात लागणं, हे तिला पहिल्या आठवड्यातच पक्कं कळलं.

दुसरा शब्द ती शिकली पाळी. कलमांना एक दिवस आप्पांनी पाणी घालायचं, एक दिवस तिने, अशा पाळ्या ठरल्या होत्या. आपला दिवस आला की ती अंगणात उभी राहून झारी हलवत खणखणीत ओरडायची, "आज माझी पाळी!" वाटेने जाणारी माणसं खाली मान घालून भराभर चालू लागत. मी तिला काही सांगितलं नाही. सांगायला गेलं तर काय काय सांगावं लागलं असतं कोण जाणे.

उन्हाळा तापला आणि एका सकाळी आप्पा मांडवातून तरातरा स्वयंपाकघराच्या दारात आले. चेहरा लाल.

"त्या पोरीला सांग," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"ते."

"ते म्हणजे काय, आप्पा?"

"शिंचं, तुला सगळं कळतंय! तोंडावर येऊन सांगत्ये मला, आप्पा, मला कावळा शिवला म्हणून. हसत हसत! आमच्या वेळी बायका भिंतीलाही सांगायच्या नाहीत."

मला हसू आलं आणि जरा कौतुकही वाटलं. एवढा जपून वापरायचा शब्द या पोरीने कुठून उचलला? मी मांडवाबाहेर जाऊन तिला हाक मारली आणि आमच्याकडची रीत सांगितली. कावळा शिवला की तीन दिवस मांडवात जायचं नाही, मागच्या पडवीत बसायचं, चौथ्या दिवशी न्हाऊन मग मोकळं.

तिने डोक्याला हात लावला. "रीत आहे?"

"आहे. बावळट आहे, पण आहे."

"पण काकू, माझी कलमं?"

खरी मेख तिथेच होती. कलम बांधलं की जोडाच्या वर काडीला फूट येते आणि जोडाच्या खाली खुंटालाही येते. खालची रोज खुडायची. नाहीतर खुंट सगळं पाणी स्वतःच पितो आणि काडी वाळून जाते. ही कलमं मेली असती तर नीमाचा अभ्यास तिथेच संपला असता. शिष्यवृत्ती त्या वर्षापुरतीच होती, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा करते म्हणायची सोय नव्हती. आणि आप्पांना दिसत नव्हतं. खालची म्हणून वरची फूट खुडायचे. मला त्यांनी चाकूला हात लावू दिला नसता, हरिश्चंद्रांना तर मांडवाचं दार कुठे आहे तेही ठाऊक नव्हतं.

मी आयुष्यात पहिल्यांदा आप्पांशी त्या विषयावर भांडले. "पोरीचं शिक्षण आहे, आप्पा. तुम्हीच म्हणालात हात बरा आहे."

"हात बरा आहे म्हणून नियम बदलत नाही," आप्पा म्हणाले. "कावळा कुणालाही शिवो, तीन दिवस कलमात पाय ठेवायचा नाही. तू असशील, ती असेल, नाहीतर कलेक्टरची बायको असेल. तोंड बघून सूट नाही."

नीमा तीन दिवस पडवीत बसली. पडवीच्या डोक्यावरच आमचा रायवळ आंबा आहे. चौथ्या दिवशी सकाळी ती न्हाऊन, केस बांधून मांडवाकडे निघाली आणि दहा पावलांवरून परत आली.

"काकू," ती रडवेली होऊन म्हणाली, "परत शिवला."

"अगं, आत्ताच तर न्हालीस ना?"

"हो. काल पण शिवला. दोनदा. मी बोलले नाही."

मी शेजारच्या गंगुबाईला बोलावून घेतलं. गंगुबाई म्हणजे आमच्या वाडीचा दवाखाना. वाडीतल्या निम्म्या पोरांना तिने या जगात ओढून आणलंय आणि उरलेल्यांना एरंडेल पाजलंय. ती पदर खोचून आली आणि नीमासमोर फतकल मारून बसली.

"काय गो बाय, लय तरास होता काय?"

"हो. दुखतं."

"पोटात?"

"नाही," नीमा म्हणाली. "डोक्यात."

गंगुबाईने माझ्याकडे पाहिलं. "कुना कुना मस्तकात चढता. आनि रगत?"

"काल थोडं आलं. आज नाही."

"तुज्या देशात पन असाच होता काय गो?"

"हो, आमच्याकडे पण होतं. सगळ्यांना होतं," नीमा म्हणाली. "अंडी असतात ना, म्हणून."

मी थक्क झाले. इतकी वर्षं विज्ञान शिकवते, पण एवढ्या मोकळेपणाने माझ्या एकाही विद्यार्थिनीने उत्तर दिलं नव्हतं. "अगदी बरोबर," मी म्हणाले. "बीजांडं असतात म्हणून होतं."

"अंड्यांचे दिवस संपले की थांबतं," नीमाने पुढे सांगितलं.

"तेही बरोबर!"

"बाबांना पण शिवतो, पण कमी. ते टोपी घालतात."

गंगुबाईने हळूच विचारलं, "बाबांना?" मी म्हटलं, भाषेचा घोटाळा असेल. परकी पोर, कुठला शब्द कुठे लावते कुणास ठाऊक. गंगुबाई मात्र बाहेर पडताना हादरलेली होती. "वैनी, त्या देशात पुरुषांना पन होता. देवानं तितं तरी न्याय केला."

मग वाडी कामाला लागली. कुणाला काही सांगायचं नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं, म्हणून संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. एकीने ओल्या खोबऱ्याच्या वड्या पाठवल्या, एकीने आल्याचा काढा. डिंकाचे लाडू आले, ते ऐन उन्हाळ्यात, खाऊन पोरीच्या नाकातून धूर निघायचा बाकी राहिला. गंगुबाईने जुन्या धुवट लुगड्याच्या मऊ घड्या आणून दिल्या आणि "कशा घ्यायच्या ता ठाव हाय मा?" असं विचारलं. नीमाने हो म्हणून मान हलवली आणि संध्याकाळी त्या सगळ्या घड्या डोक्याला फेट्यासारख्या गुंडाळून बसली. गंगुबाई तिच्याकडे बघतच राहिली. "वैनी, हिच्या मस्तकातलाच दुखना दिसता."

मी स्वतः दापोलीला जाऊन औषधाच्या दुकानातून पाकिटं आणली. दुकानदाराने नेहमीप्रमाणे आधी दुकान रिकामं होऊ दिलं, मग पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलं, त्यावर सुतळी बांधली, सुतळीवर काळी पिशवी चढवली आणि आकाशाकडे बघत माझ्या हातात दिली. बॉम्ब पण लोक याहून सरळ हाताळतात. घरी येऊन मी ती पिशवी नीमाला दिली. तिने उघडून पाहिली आणि तिचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. तिने मला मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी ती पोफळीच्या विरीची टोपी घालून फिरताना दिसली. पोफळीचं पान गळतं ना, त्याचा तो रुंद, चिवट देठ असतो, त्याची आमच्याकडे शेतकरी टोपी करतात. "आता बरं आहे," ती आनंदाने म्हणाली. "आज पण शिवला, पण काही कळलंच नाही."

आणि आप्पांनी ओसरीवरून ते ऐकलं. म्हणजे पुन्हा पहिला दिवस.

असं चालूच राहिलं. नियम तीन दिवसांचा आणि कावळा रोजचा, मग सुटका व्हायची कशी? मांडवात खुंटांना खाली पालवी फुटली आणि वरच्या काड्या वाळायला लागल्या. नीमा पडवीच्या कठड्यावरून लांबून बघायची. कलमं मोजत नसे ती, नुसती बघायची. एकदा तिने आप्पांना ओरडून सांगितलं, "आप्पा, खालची! खालची खुडा!" आप्पांनी मान डोलावली आणि वरची खुडली. ती आत येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मला आप्पांचा असा संताप आला की त्या दिवशी मी त्यांच्या ताकात मीठ घातलं नाही.

बातमी बाहेर फुटली ती आमच्या ह्यांच्यामुळे. आईबापांनी नाव हरिश्चंद्र ठेवल्यापासून या माणसाला खोटं बोलता येत नाही. बाजारात त्यांना डॉक्टर यज्ञेश लिमये भेटले. हे लिमये रत्नागिरीतल्या एका परदेशी विद्यार्थी स्नेहमंडळाचे कार्यवाह. डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत, अर्थशास्त्राचे. त्यांनी सहज विचारलं, "काय, पाहुणी मजेत ना?" मजेत आहे म्हणून मोकळं व्हायचं की नाही? आमचे हे म्हणाले, "नाही हो. तिला रोज कावळा शिवतो."

लिमये दोनच दिवसांत जीप घेऊन हजर. काखेत गुंडाळलेला भला मोठा कागद. योगायोग असा की मंडळाला वरून विचारणा आली होती: परदेशी मुलींना त्या दिवसांत गावाने, शेजाराने मिळून काय आधार द्यावा, याची योजना आखा. लिमयांनी ती रत्नागिरीत पंख्याखाली बसून आखलीही होती. फक्त परदेशी मुलगी मिळत नव्हती.

आमच्या मागच्या पडवीत सभा भरली. लिमये खुर्चीवर, आप्पा झोपाळ्यावर, गंगुबाई आणि मी उंबऱ्याशी, नीमा टोपी घालून कठड्यावर. आमचे हे आत चहा करत होते. लिमयांनी कागद भिंतीवर टाचला. कागदावर एकात एक गोल. बाहेरच्या गोलात लिहिलं होतं समाज, आतल्यात शेजार, त्याच्या आत विद्यार्थिनी, आणि मधोमध, सगळ्या बाणांची टोकं जिथे जमली होती तिथे, नुसतं अ.

"तर हा विषय जरा नाजूक आहे," लिमये छताकडे बघत म्हणाले. "आपण तो मोकळेपणाने बोलणार आहोत. मोकळेपणाने म्हणजे, अर्थात, मर्यादेत. तर ही जी बाब आहे, म्हणजे जी प्रत्येक, म्हणजे प्रत्येक नव्हे, पण ज्यांना असते त्यांना असते..."

"अ म्हणजे काय?" नीमाने विचारलं.

लिमयांना घाम फुटला. "अ म्हणजे... आपलं ते."

"अ अननसाचा," नीमा म्हणाली. तिने मुळाक्षरं माझ्या शाळेतल्या तक्त्यावरून गिरवली होती. "अननसाची योजना आहे? माझा विषय काजू."

"अडचण!" लिमये ओरडले. "अ अडचणीचा! तुमची जी अडचण आहे, ती! तुम्ही फक्त सांगा, समाज तुमच्या पाठीशी उभा आहे."

"एक मिनिट," आप्पा झोपाळा थांबवून म्हणाले. "समाज पाठीशी उभा राहू दे, पण मांडवात नको. आधीच सांगून ठेवतो. कावळा कुणालाही शिवो, तीन दिवस कलमात पाय नाही. हे कागदावर लिहून घ्या."

लिमयांनी खरंच लिहून घेतलं. मी तोंड उघडणार होते, पण त्याआधी नीमाच उठून उभी राहिली.

"माझी अडचण सोपी आहे," ती म्हणाली. "एक लांब काठी पाहिजे."

"काठी?" लिमये म्हणाले.

"किंवा शिडी. काढून टाकायचं नाही, आत पिल्लं आहेत. फक्त मध्ये काहीतरी लावायचं. जाळी."

लिमयांनी पेनचं टोपण लावलं. जाळी हा शब्द कुठल्या गोलात लिहावा ते त्यांना कळेना.

"आणि काकूंनी दिलं ते फार उपयोगी," असं म्हणून नीमाने टोपी काढली आणि सभेसमोर उलटी धरली. आत, टाळूच्या जागी, मी दापोलीहून आणलेल्या त्या पाकिटांतल्या पट्ट्या नीट शेजारी शेजारी टाक्याने शिवून बसवल्या होत्या. "मऊ लागतं. आता चोच लागत नाही."

चहाचा ट्रे घेऊन आलेले हरिश्चंद्र दारातच उभे राहिले.

"चोच?" मी विचारलं.

"कावळ्याची," नीमा म्हणाली आणि बोट वर केलं.

आम्ही सगळ्यांनी कठड्याबाहेर वाकून वर पाहिलं. रायवळाच्या बेचक्यात, पडवीच्या बरोबर वर, काटक्यांचं घरटं होतं, आणि घरट्याच्या काठावर एक काळी कुळकुळीत बाई मान वाकडी करून आमच्याकडे बघत होती.

"मेलंय!" गंगुबाई कपाळावर हात मारून घेत म्हणाली. "अगो बाय, खराखुरा कावला?"

"खोटा पण असतो?" नीमाने विचारलं.

मला हसू इतकं आलं की उंबऱ्यावर बसवेना. हसता हसता मी तिला सांगितलं, कावळा शिवणं म्हणजे आमच्याकडे काय, आणि पाळी म्हणजेही काय. तिचे डोळे मोठे झाले. तिने टोपीतल्या पट्ट्यांकडे पाहिलं, गंगुबाईकडे पाहिलं, लिमयांच्या अ कडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणून डिंकाचे लाडू?" आणि तीही हसत सुटली.

मग एकदम थांबली. "काकू, मी इथे आले तेव्हापासून मला तो शब्द पाहिजे होता," ती म्हणाली. "माझं येतं तेव्हा कुणाला काय विचारू, कळत नव्हतं. दापोलीत दुकानात गेले, सगळे पुरुष, परत आले. घरात कुणी बोलतच नाही. मला वाटलं, या देशात होतच नाही बहुतेक. मी ओढणी फाडून वापरली. तुम्ही काळी पिशवी दिलीत तेव्हा मला वाटलं, काकूंना न सांगता कळलं. अर्धी मी टोपीला लावली. अर्धी लपवून ठेवली."

माझं हसू तिथेच विरलं. माझ्याच घरात, माझ्या नाकासमोर, पोरीने ओढण्या फाडल्या होत्या, आणि मी चार गावच्या पोरींना तो धडा शिकवणारी. मला रडू आलं आणि मी रडले. लिमये कागदाकडे तोंड करून उभे राहिले आणि तिथे लिहिण्यासारखं काही सापडतंय का ते बघू लागले.

एकट्या आप्पांना काही पटलं नव्हतं. ते झोपाळ्यावरून उतरले. "थापा आहेत. माझ्या झाडावर कावळा घरटं करील नि मला दिसणार नाही?"

"तुम्हाला खालची-वरची फूट दिसत नाही," मी नाक पुसत म्हणाले.

"चूप!" असं म्हणून ते तसेच बोडक्याने अंगणात उतरले, आंब्याखाली जाऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि वर बघून म्हणाले, "कुठाय?"

ती काळी बाई सुळकन खाली आली. टक्क असा आवाज आम्हाला पडवीत ऐकू आला. टकलावर चोच मारून ती फांदीवर जाऊन बसलीसुद्धा. आप्पा डोकं धरून तसेच उभे.

नीमा कठड्यावरून जिवाच्या आकांताने ओरडली, "आप्पा! तुम्हाला कावळा शिवला!"

वाटेवरून जाणाऱ्या दोघांनी सायकली थांबवल्या.

गंगुबाईने पदर तोंडात कोंबला, पण तो पुरला नाही. "आता तीन दिस पडवीत!" ती म्हणाली. "आप्पानू, कलमात पाय नाय ठेवायचा!"

"काहीतरी बरळू नको. हा खरा कावळा आहे."

"नियमात खरा-खोटा असं काही नव्हतं," आमचे सत्यवचनी हरिश्चंद्र ट्रे हातात धरून शांतपणे म्हणाले. "कुणालाही शिवो, असं होतं."

"मी लिहून घेतलंय," लिमये म्हणाले. त्या सबंध दिवसात त्यांच्या हातून झालेलं हे एकच काम.

आप्पांनी एकेकाकडे पाहिलं. हट्टी माणूस, पण शब्दाचा पक्का. पाय आपटत ते पडवीत आले, कोपऱ्यातली माझी चटई ओढली आणि भिंतीला टेकून बसले. मी त्यांच्यापुढे वेगळं ताट ठेवलं, वेगळा तांब्या ठेवला. गंगुबाईने आल्याचा काढा पाठवला. आता अडवायला कुणी उरलं नव्हतं, नीमाने झारी उचलली आणि अक्षरशः धावत मांडवात गेली.

तीन दिवस ती संध्याकाळीच काय ती बाहेर यायची. काही कलमं गेली होती. पण बरीचशी तिने परत आणली. आप्पा कठड्यावरून ओरडून सूचना देत आणि ती आतून "हो, आप्पा" म्हणून स्वतःला हवं तेच करी. दुसऱ्या दिवशी कावळीने आप्पांना पुन्हा टिपलं, तेव्हा नीमाने आपली टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. त्यांनी ती काढली नाही. "मऊ आहे शिंची," एवढंच म्हणाले. पिठलं मात्र त्यांना पचेना. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तू काय करायचीस गं इथे तीन तीन दिवस?"

"वाचायची."

"कंटाळा नाही यायचा?"

"यायचा कधी कधी," मी म्हणाले. "पण कुणी विचारलं नाही."

चौथ्या दिवशी न्हाऊन ते मांडवात गेले आणि हरिश्चंद्रांकडून झाडाला जाळी लावून घेतली.

लिमयांचा कागद आमच्याच भिंतीवर राहिला. त्यावरची योजना गंगुबाईने पुरी केली. तिने आपल्या ओसरीवर बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा ठेवला, त्यात पाकिटं, गरम पाण्याची पिशवी, आल्याचा पाक. डब्यावर नीमाने कोळशाने कावळा काढला, तो जरा कोंबड्यासारखा दिसतो. विद्यापीठाच्या वसतिगृहातून नेपाळच्या, सुदानच्या पोरी शनिवारी एसटीने यायला लागल्या. गंगुबाईच्या दारात उभ्या राहून विचारायच्या, "कावळा आहे?" गंगुबाई म्हणायची, "हाय, हाय, आत ये." आमच्या वाडीतल्या पोरीही यायला लागल्या. त्या विचारत नसत, नुसत्या कावळ्याकडे बोट दाखवत.

कलमांना वरून लालसर कोवळी पालवी आली तेव्हाची गोष्ट. सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. नीमा पडवीच्या पायरीवर पोट धरून बसली होती. आप्पा भरलेली झारी घेऊन आले आणि तिच्यासमोर ठेवली.

"आप्पा," ती म्हणाली, "आज माझी पाळी आहे."

"ठाऊक आहे. म्हणून तर झारी भरून आणली."

"ती पाळी नाही, आप्पा," नीमा म्हणाली. "पाळी."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्या घरात आप्पांच्या तोंडावर तो शब्द त्या अर्थाने आजवर कुणी उच्चारला नव्हता, ना माझ्या सासूबाईंनी, ना मी. आप्पांनी झारीकडे पाहिलं. मग आंब्याकडे पाहिलं, जाळीपलीकडची पिल्लं उडून गेली होती. त्यांनी तपकिरीची डबी काढली, उघडली, परत बंद केली आणि झारी उचलली.

"मग पाण्याची पाळी आज माझी," ते म्हणाले आणि मांडवाकडे चालू लागले. दारापाशी थांबले, पण वळून पाहिलं नाही.

"दुखत असेल तर बस," तिकडे तोंड करूनच ते म्हणाले. "दुखत नसेल तर ये आत. खालची फूट कुठली नि वरची कुठली, मला मेलं दिसत नाही."